फिरकी धरायला कुणी नसताना

स्लॅकलाइन म्हणजे काय, हे मी गेल्या दीड वर्षात आमच्या सोसायटीत इतक्या वेळा समजावलंय, की आता मला ते मराठीपेक्षा गुजरातीत जास्त चांगलं सांगता येतं. दोन झाडं, मध्ये ताणलेली पाच सेंटिमीटर रुंदीची पट्टी आणि तिच्यावरून अनवाणी चालायचं. बस. ती कपडे वाळत घालायची दोरी नाही, झोपाळा नाही. आणि नाही, मी सर्कशीत जाणार नाहीये.

आम्ही वडोदऱ्याचे. पणजोबांच्या आधीपासूनचे. घरात मराठी, जिन्यात गुजराती, ऑफिसच्या कॉलवर इंग्रजी. मी इंग्रजी घेऊन बीए केलं आणि आता घरी बसून कंपन्यांसाठी मजकूर लिहिते. गाद्या, विमा, प्रोटीन पावडर, जे येईल ते. ‘आयुष्यात संतुलन कसं साधावं’ या विषयावर मी एका वर्षात नऊ लेख लिहिलेत. नवव्या लेखानंतर वाटलं, आता प्रत्यक्ष काहीतरी साधून बघावं.

पण हा लेख पट्टीवर चालण्याबद्दल नाही. चालण्याचे व्हिडिओ सगळे बघतात. पाय थरथरतात, हात वर जातात, माणूस पडतो, उठतो, गोड संगीत वाजतं. ती पट्टी तिथे आली कशी, कुणी बांधली, कुणी ताणली, हे त्या व्हिडिओत नसतं. माझ्या मते खरी गंमत तिथेच आहे. विशेषतः ताणणारी व्यक्ती एकटी असेल तर.

पट्टी मुळात दादाची. कॉलेजात असताना त्याला चढाईचं वेड लागलं आणि त्यातून हे. सुट्टीच्या दिवशी आम्ही दोघं सोसायटीच्या मागच्या मोकळ्या जागेत दोन कडुलिंबांमध्ये ती बांधायचो. म्हणजे बांधायचा तो. मी दुसऱ्या टोकाला उभी राहून पट्टी सरळ धरायचे, पीळ पडला की ओरडायचे, त्याने हात बदलला की तेवढा वेळ ओढून धरायचे. उत्तरायणातही आमची हीच वाटणी होती. गुजरातमध्ये १४ जानेवारीला अख्खं गाव गच्चीवर असतं, आणि दुसऱ्या दिवशी वासी उत्तरायण म्हणून परत गच्चीवर. पतंग दादाचा, फिरकी माझ्या हातात. फिरकी धरणाऱ्याचं कुणी नाव घेत नाही, पण ढील द्यायची वेळ आली की सगळा मामला तिच्याच हातात असतो. हे फक्त फिरकी धरलेल्या माणसालाच माहीत असतं.

मग दादा कॅनडाला गेला. विमानतळावर आई रडली, मी नाही. मी पाचव्या दिवशी रडले, माळ्यावरून सुटकेस काढताना पट्टीची लाल पिशवी हातात आली तेव्हा. पिशवी परत माळ्यावर ठेवली. दादाने फोनवर बजावलं होतंच: “एकटीने ताणू नकोस हां. मी आलो की लावू.” तो येणार होता पुढच्या वर्षीच्या डिसेंबरात. बाबांना जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती. म्हणजे घरात उरलो आई आणि मी, आणि माळ्यावर एक पिशवी.

पाच महिने ती तिथेच होती. मला त्याचा राग आला नव्हता, हे मुद्दाम सांगते. त्याचं म्हणणं बरोबर होतं. ताणलेली पट्टी हा खेळ नाही. त्यातला ताण किती असतो याचा अंदाज बहुतेकांना नसतो. मलाही गणित करून बघेपर्यंत नव्हता.

गणित सोपं आहे. वजन गुणिले पट्टीची लांबी, भागिले मधोमध आलेल्या झोळाची चौपट. माझं वजन ५४ किलो. आमची दोन झाडं १२ मीटर अंतरावर. मी मध्यावर उभी राहिल्यावर पट्टी ४५ सेंटिमीटर खाली गेली, तर दोन्ही झाडांवर प्रत्येकी साधारण ३६० किलो ओढ येते. माझ्या वजनाच्या जवळपास सातपट! आणि पट्टी आणखी घट्ट करून झोळ निम्म्यावर आणला तर ओढ दुप्पट, म्हणजे ७२० किलो. जितकी घट्ट तितकी सुरक्षित, असं आपल्याला वाटतं. इथे नेमकं उलटं आहे. सैल पट्टी झाडाला, पट्टीला आणि माणसाला सगळ्यांनाच कमी त्रास देते. तिचं नावच मुळी ‘स्लॅक’ आहे, सैल.

हे गणित मी आईला दाखवलं. आई निवृत्त शिक्षिका, विषय गणितच. तिने आकडे तपासले, माझं भागाकाराचं चिन्ह नीट करून दिलं आणि म्हणाली, “मग दोघं असताना दुसरा माणूस नेमकं करतो काय?”

मी यावर कधी विचारच केला नव्हता. मीच तर तो दुसरा माणूस होते!

वहीत लिहून काढलं. दुसरा माणूस जोर लावत नाही. दादा सगळा जोर एकटाच लावायचा. दुसरा माणूस धरून ठेवतो. पहिल्याने ओढून मिळवलेलं, तो हात बदलत असताना परत जाऊ नये म्हणून. आणि दुसरा माणूस बघतो. पहिल्याचं लक्ष हातात असतं, दुसऱ्याचं सगळीकडे. बाकी काही नाही. म्हणजे एकटीने ताणायचं तर मला जास्त ताकद लागणार नव्हती. धरणारं काहीतरी लागणार होतं आणि बघणारं काहीतरी.

पिशवी खाली काढली.

आधी झाडं. झाड किमान ३० सेंटिमीटर जाडीचं हवं, जिवंत हवं, मुळं उघडी पडलेली नकोत. कडुलिंब उत्तम. गुलमोहर दिसायला कितीही देखणा असला तरी त्याचं लाकूड ठिसूळ असतं आणि मुळं वरवर पसरतात. त्याला मी हात लावत नाही. कुंपणाचा खांब, पार्किंगच्या छताचा पाइप, जिन्याचा कठडा यांना तर अजिबात नाही. हे ३६० किलो आडवी ओढ सोसण्यासाठी बनवलेले नसतात. आणि झाडाच्या खोडाभोवती आधी गोणपाट, दुहेरी घडी करून. पट्टी थेट सालीवर आवळली की साल खरवडते, आणि सालीच्या लगेच आत झाडाची अन्न वाहून नेणारी व्यवस्था असते. आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरीकाकांनी पहिला आक्षेप झाडावरूनच घेतला होता. आक्षेप योग्य होता. मी त्यांना गोणपाट दाखवलं, पट्टी सोडल्यावर साल दाखवली. तेव्हापासून ते येता-जाता स्वतः गोणपाट सरळ करून जातात.

मग पट्टी. साध्या किटमध्ये दोन तुकडे असतात. एक लांब, त्याच्या टोकाला शिवलेला फास. तो झाडाभोवती फिरवायचा, लांब पट्टी त्या फासातून ओवून घ्यायची. दुसरा तुकडा छोटा, त्याला रॅचेट. रॅचेट तुम्ही पाहिलेलं आहे: ट्रकवर माल आवळायला जो पट्टा असतो, त्याचं ते लोखंडी हँडल. हँडल वर-खाली केलं की मधला रूळ फिरतो, पट्टी गुंडाळली जाते, आणि प्रत्येक वेळी ‘कट्’ असा आवाज होऊन एक छोटी लोखंडी जीभ चाकाच्या दात्यात बसते. जीभ बसली की रूळ मागे फिरत नाही.

ही जीभ म्हणजे मी. म्हणजे जुनी मी, दुसऱ्या टोकाला उभी राहून धरून ठेवणारी.

पण जीभ कामाला लागते ती पट्टी रुळावर चढल्यावर. त्याआधी सगळी ढिली पट्टी हाताने ओढून घ्यावी लागते, कारण ढिली पट्टी रॅचेटनेच गुंडाळत बसलं तर रूळ भरून जातो आणि ऐन ताणाच्या वेळी अडकतो. तेव्हा पट्टी रुळाच्या फटीतून ओवायची, शेपूट हातात धरायचं, सगळं अंग मागे टाकून ओढायचं. इथवर ठीक. आता हँडल फिरवायला एक हात सोडला की दुसऱ्या हाताला १२ मीटर पट्टी पेलत नाही आणि मिळवलेलं निम्मं परत जातं. पहिल्या संध्याकाळी हे चार-पाच वेळा झालं. आई कट्ट्यावर बसून बघत होती. हातात भाजीची टोपली, मटार सोलणं चालू.

“अगं, सगळी एकदम कशाला ओढतेस? मिळालं तेवढं आधी दाबून धर. मग पुढचं.”

“कशाने दाबू? दोन्ही हात गुंतलेत.”

“गुडघा आहे ना?”

आईची पहिली नोकरी छोटा उदेपूरजवळच्या एका गावात होती. लग्नाआधी. सरकारी खोली, एक कंदील आणि नवारीचा एक पलंग. नवार म्हणजे ती जाड सुती पट्टी, आताच्या मुलांना ठाऊक नसेल. काही महिन्यांनी नवार सैल पडायची आणि झोपल्यावर पाठ जमिनीला टेकायची. गावात कुणा पुरुषाला खोलीत बोलवायचं नाही, हे आजीने बजावलेलं. मग आई एकटीच ती नवार आवळायची. एका टोकापासून सुरुवात. एक वेढा ओढायचा, तो पलंगाच्या लाकडावर गुडघ्याने दाबायचा, मग हात पुढच्या वेढ्यावर. तोही ओढायचा, आता गुडघा त्याच्यावर. शेवटच्या वेढ्यापर्यंत असंच. “ताकद नाही लागत गं,” ती म्हणाली, “घाई नको एवढंच.”

मी आईला सव्वीस वर्षं ओळखते. या पलंगाबद्दल मी पहिल्यांदा ऐकत होते.

गुडघा पट्टीवर चालला नाही, कारण इथे दाबायला लाकूड नव्हतं. पण पद्धत चालली. शेपूट डाव्या हातात घट्ट, मनगटाला न गुंडाळता (मनगटाला कधीच गुंडाळायचं नाही). उजव्या हाताने हँडलची छोटी हालचाल. एक कट्. डावा हात सोडायचा नाही. दुसरा कट्. रुळावर दोन फेरे पूर्ण होईपर्यंत डावा हात तसाच. दोन फेरे झाले की वरचा थर खालच्या थराला दाबून धरतो आणि पट्टी स्वतःच स्वतःला सोडत नाही. मग डावा हात मोकळा. त्या क्षणी मी हात सोडला, पट्टी जागेवर राहिली, आणि मी उगाचच मागे वळून आईकडे बघितलं. ती मटार सोलत होती.

तेव्हापासून बऱ्याच गोष्टी मी एकटीने लावते. उंच माळ्यावरचा पंखाही मीच पुसते. पण पंख्यात असला आनंद नाही.

दुसऱ्या माणसाचं दुसरं काम, बघणं, हे मात्र अवघड निघालं. लोखंडी जीभ बघत नाही. पीळ पडलाय का, रॅचेट पालथं आहे का, हँडल पूर्ण दाबून बंद झालंय का, गोणपाट सरकलंय का, हे तिला काय कळणार? रॅचेट पालथं, म्हणजे हँडल जमिनीच्या बाजूला ठेवतात, कारण सरळ ठेवलं तर चालताना पाय त्यावर पडून ते उघडू शकतं. हँडलला लांब पाइप लावून जास्त जोर मिळवायची आयडिया काही लोक सुचवतात. ती वाईट आयडिया आहे. रॅचेटची क्षमता हाताच्या जोराच्या हिशेबाने ठरवलेली असते.

पहिल्या दिवशी पट्टी ताणून झाल्यावर मी दादाला व्हिडिओ कॉल केला. त्याच्याकडे सकाळ होती, चेहऱ्यावर झोप. पट्टी दिसताच झोप उडाली. मला वाटलं आता ओरडणार. तो काही क्षण गप्प राहिला. मग म्हणाला, “कॅमेरा रॅचेटवर घे.” घेतला. “हँडल बंद? दाबून दाखव. फेरे किती आहेत? पीळ? गोणपाट? फासातून पट्टी नीट गेलीय? खाली दगड?” एकामागून एक, त्याच क्रमाने, जसा तो पूर्वी स्वतःशी पुटपुटायचा. त्या वेळी मला वाटायचं, हा उगाच बडबडतो. आता कळलं की तो एकट्याने काम करताना दोघांचं काम करत होता. मी नुसती उभी होते.

“बरं,” तो शेवटी म्हणाला. “चाल.” आणि लगेच, “थांब. केस बांध.”

त्याचे ते प्रश्न मी कागदावर उतरवले आणि पिशवीच्या आत चिकटवले. दर वेळी मोठ्याने वाचते. मनात वाचलं की डोळे पुढे पळतात, तोंडाने वाचलं की प्रत्येक गोष्टीला हात लागतो. बी विंगमधली सहा वर्षांची एक चिमुरडी आता हे सगळं पाठ म्हणते. ती रॅचेटपासून पाच पावलं लांब उभी राहते, हा तिच्यासाठीचा नियम, आणि तिथून ओरडते, “जीभ बसी गई?” मी “बसी गई!” म्हणाले नाही तर ती मला पट्टीवर चढू देत नाही.

या ‘एकटी’ शब्दाबद्दल थोडं. एकटीने ताणणं म्हणजे आसपास कुणी नसताना ताणणं नव्हे. दुपारी दोन वाजता सोसायटी झोपलेली असताना मी पट्टी लावत नाही. कुणीतरी हाकेच्या अंतरावर हवं, फोन खिशात हवा. काम माझं एकटीचं, पण जागा चारचौघांची. आणि ताणलेली पट्टी सोडून मी पाणी प्यायलाही घरी जात नाही. संध्याकाळी सायकलवरून येणाऱ्या मुलाला ती दिसतच नाही, आणि ती नेमकी त्याच्या छातीच्या उंचीवर असते. मध्ये दोन ठिकाणी मी जुन्या केशरी ओढणीच्या चिंध्या बांधते. कुरूप दिसतं, फोटो बिघडतात. बिघडोत.

पुण्याच्या मावशीला व्हिडिओ पाठवला, तर तिचा फोन आला: “काय गं, डोंबाऱ्याचा खेळ सुरू केलास?” तिने चेष्टेत म्हटलं, पण माझ्या डोक्यात ते राहिलं. लहानपणी तिच्याकडे गेल्यावर रस्त्यावर डोंबाऱ्याचा खेळ पाहिला होता. ढोलकी, दोन-दोन बांबू कात्रीसारखे उभे केलेले, वर दोरी, आणि त्या दोरीवर हातात काठी घेऊन माझ्याच वयाची एक मुलगी. आपण ढोलकी ऐकू आली की थांबतो आणि मुलगी खाली उतरली की निघतो. बांबू रोवताना, दोरी ताणून खुंटीला बांधताना थांबून बघणारा माणूस मला आठवत नाही. मीही बघितलं नव्हतं. ते काम सगळं कुटुंब मिळून करायचं. दगडाच्या रस्त्याकडेला कुठे खुंटी धरेल, कुठे नाही, हे त्यांना बघताक्षणी कळत असणार. माझ्याकडे ३० सेंटिमीटर जाडीचा कडुलिंब आहे, छापील सूचना आहेत, आणि मी पडले तर आई हळद-दूध देते. ती मुलगी पोटासाठी चढत होती. तेव्हा मावशीला म्हटलं, त्यांचा खेळ मला येत नाही, तो फार अवघड आहे. तसा तो वेगळाही आहे. त्यांची दोरी कडक असते आणि तोल काठीने सांभाळतात. माझी पट्टी लवचीक, पायाखाली डावी-उजवीकडे पळणारी, आणि हातात काही नाही.

हा लवचीक प्रकार अमेरिकेतल्या गिर्यारोहकांनी घडवला, १९७०च्या दशकाच्या अखेरीपासून पुढे. योसेमिटीच्या खोऱ्यात पावसाने कडे ओले असले की ही मंडळी वाहनतळावरच्या साखळ्यांवर, तारांवर चालून वेळ काढायची. ॲडम ग्रोसोव्स्की आणि जेफ एलिंग्टन या दोन तरुणांनी साखळी सोडून चढाईची नायलॉनची पट्टी ताणली आणि खेळ बदलला. १९८५ साली स्कॉट बाल्कम तिथल्याच ‘लॉस्ट ॲरो स्पायर’ या सुळक्यावर ताणलेल्या पट्टीवरून चालत गेला. खाली दरी. (आईने हे वाक्य वाचू नये.)

मला यातला एलिंग्टन जास्त आवडतो, कारण रॅचेट नसताना पट्टी ताणायची एक पद्धत त्याच्या नावाने ओळखली जाते. त्यात यंत्र असं काहीच नाही. फक्त कॅराबिनर, म्हणजे चढाईच्या त्या कड्या, आणि पट्टी. पट्टी झाडाजवळच्या कडीतून घ्यायची, परत आपल्याकडच्या कडीतून, पुन्हा झाडाकडे, आणि शेवटचा फेरा आधीच्या फेऱ्याच्या आत सारायचा. ओढलं की पट्टी पुढे येते. ओढणं थांबवलं की बाहेरचा ताणलेला थर आतल्या थराला कडीवर चिमटीत पकडतो. जीभ नाही, दाते नाहीत, नुसतं घर्षण. आईने हे बघितलं आणि म्हणाली, “हा तर माझा गुडघा.”

सध्या मी हे शिकतेय. यात २५ मिलिमीटरची अरुंद पट्टी वापरते. कड्यांवर ‘२२ केएन’ असा आकडा कोरलेला असतो, म्हणजे साधारण २२०० किलोची ओढ. पण ती लांबीच्या दिशेने आणि कडीचं दार बंद असताना. कडी आडवी पडली तर क्षमता एकदम खाली येते, म्हणून ताण देताना दर वेळी कडी सरळ आहे ना हे बघायचं. माझ्या कागदावर हा आठवा प्रश्न. रॅचेटपेक्षा याला वेळ लागतो, हात दुखतात, पण सोडताना ही पद्धत फार शहाणी वाटते.

सोडण्याबद्दल कुणी बोलत नाही. ताणण्याच्या मानाने सोडणं क्षणाचं काम, आणि जास्त धोक्याचं. रॅचेटचं आतलं कुलूप ओढून हँडल पूर्ण सपाट उघडलं की सगळा ताण एका दणक्यात सुटतो. ‘धाड’ असा आवाज येतो, कबुतरं उडतात. त्या वेळी बोट, केस, ओढणी, काहीही रुळाच्या जवळ असता कामा नये, आणि आपण पट्टीच्या रेषेत नाही, तर बाजूला उभं राहायचं. मी आधी बी विंगच्या मुलीला कट्ट्यावर आईशेजारी पाठवते, मग मोठ्याने “सोडतेय!” म्हणते. समोर कुणी नसलं तरी म्हणते. एलिंग्टनच्या पद्धतीत मात्र आतला थर हळूहळू बाहेर ओढत ताण थोडा थोडा सोडता येतो.

सोडल्यावर पट्टी हाताने पूर्ण चाचपून बघते, कुठे कड उसवली आहे का, कुठे चकाकी आली आहे का. ऊन हा या पट्ट्यांचा मोठा शत्रू, आणि वडोदऱ्याच्या उन्हाबद्दल मी काय सांगू? ओली असेल तर सावलीत वाळवायची, मग पिशवीत. रात्री ती झाडावर ठेवायची नाही. झाडालाही रात्र असते, असं आई म्हणते. ते शास्त्रीय आहे की नाही मी विचारलेलं नाही.

डिसेंबरात दादा आला. तीन आठवडे. दुसऱ्याच दिवशी जेटलॅगमध्ये पिशवी काढली, कागद वाचला, हसला. मी पट्टी ओवत होते तेव्हा तो नकळत पुढे आला आणि हँडलला हात घातला. मग थांबला, हात काढून घेतला आणि दुसऱ्या झाडाकडे गेला. तिथून ओरडला, “पीळ आहे, डावीकडे!” खरंच होता. मला दिसला नव्हता, मला माझ्या टोकाकडून तो दिसणं शक्यच नव्हतं. दोघं असले की किती सोपं जातं, हे मी विसरले नव्हते. पण दुसऱ्या टोकाला उभं असलेलं माणूस किती बघतं, हे आता मला या टोकाकडून कळलं. त्या तीन आठवड्यांत आम्ही रोज लावली. कधी तो ताणायचा, कधी मी. जानेवारीत तो उत्तरायणाच्या चार दिवस आधी परत गेला, तिकिटं स्वस्त होती म्हणून. १४ तारखेला मी पतंग उडवला आणि फिरकी आईने धरली. तिने ढील फार कंजूषपणे दिली.

आता पुढचा बेत लांबीचा आहे. पार्किंगच्या पलीकडे तिसरा कडुलिंब आहे, आमच्या पहिल्या झाडापासून २२ मीटरवर. मी पावलांनी नाही, टेपने मोजलंय. लांबी वाढली की त्याच झोळाला ताणही वाढतो. झोळ ४५ सेंटिमीटरच ठेवला तर ओढ ६६० किलोवर जाते. म्हणून पट्टी जास्त झोळ देऊन, थोडी उंच बांधावी लागेल. आईने कागदावर तीन वेगवेगळे झोळ धरून उत्तरं काढून दिली आहेत. खाली जाड मॅट कुठून आणायची याची चौकशी चालू आहे. अडचण एकच: पट्टी दोन गाड्यांच्या जागांवरून जाते. एका गाडीवाल्या काकांनी रविवारी सकाळी दोन तास गाडी हलवायचं कबूल केलंय, त्यांच्या नातवाला बसवून एक फेरी मारायच्या अटीवर. ती अट मी मान्य केलेली नाही, नातवाचा हात धरून त्याला जुन्या, बुटक्या पट्टीवर चालवायचं कबूल केलंय. दुसरे काका विचार करतो म्हणालेत. सेक्रेटरीकाकांकडे अर्ज दिलाय, त्यासोबत आईचं गणितही जोडलंय. मीटिंग पुढच्या रविवारी आहे.